तोंड बंद ठेवून पिक्चर का बघत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर आजवर हसून विषय टाळत आलोय. युद्धपट लागला की मी "हा टँक चुकीचा", "हे इंजिन बरोबर" असं का बडबडतो, त्यात मला कसली मजा येते, आणि तुमची का घालवतो, असा एकूण सूर असतो.

पहिलं म्हणजे मी चुका शोधत नाही. त्या दिसतात. 'बॅटल ऑफ द बल्ज'मध्ये जर्मन किंग टायगर म्हणून जे टँक धावतात ते अमेरिकन एम-४७ पॅटन आहेत. शूटिंग स्पेनमध्ये झालं, तिथल्या सैन्याकडे होते तेच घेतले. पिक्चर १९६५चा. त्याच वर्षी खेमकरणला आपल्या जवानांनी पाकिस्तानचे पॅटन फोडले. शाळेच्या सहलीत नगरच्या टँक म्युझियममध्ये पॅटनला हात लावून आलेल्या पोराला तो टायगर कसा वाटणार?

'द ट्रेन'चं प्रकरण वेगळं. नाझी पॅरिसमधून लुटलेली चित्रं आगगाडीने न्यायला निघतात आणि फ्रेंच रेल्वेवाले ती गाडी अडवतात, तो पिक्चर. वडील दौंडच्या स्टीम शेडमध्ये फिटर होते. कामाबद्दल घरी चकार शब्द काढायचे नाहीत. एका सुट्टीत घर पाहुण्यांनी भरलेलं आणि केबलवर हा पिक्चर लागला. म्हातारा ड्रायव्हर तेलाच्या नळीत नाणी टाकून इंजिनाचं बेअरिंग जाळतो, आणि ते दुरुस्त करायची वेळ हिरोवर, बर्ट लँकॅस्टरवर येते. तो स्वतः धातू ओतायला लागला तसे वडील खुर्चीत पुढे सरकले. "ह्याला कुणीतरी नीट शिकवलंय," म्हणाले. मग थांबेचनात. आधी तापवून घ्यावं लागतं, नाहीतर व्हाइट मेटल धरत नाही. कुठे ओल राहिली तर उसळून अंगावर येतं. असं म्हणत त्यांनी बाही वर सारून मनगटावरचा डाग दाखवला. तो आम्ही कायम बघत होतो, कधी कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात एक पाहुणे म्हणाले, "अहो, पिक्चर बघू द्या की!" सगळे हसले, वडीलही हसले. नंतरही ते टीव्हीसमोर बसायचे, पण इंजिन आलं तरी गप्प. मी मुद्दाम खोदून विचारलं तर, "त्यात काय विशेष असतं रे?"

म्हणून मी बोलतो, असं म्हटलं की तुम्हाला लगेच पटेल. पण ते अर्धंच खरं. मला मिरवायलाही आवडतं.

कॉलेजात असताना म्हणायचो, टँक खोटा तर पिक्चर खोटा. त्या पोराशी आता माझं पटत नाही. 'द ट्रेन'मधली इंजिनं खरी, ती खरोखर आपटली. पण ऑगस्ट १९४४मध्ये चित्रं घेऊन निघालेली खरी गाडी पॅरिसजवळ ओल्ने इथेच अडकली, तीही कागदपत्रांच्या घोळात आणि रेल्वेवाल्यांच्या दिरंगाईत. ना टक्कर, ना स्फोट. उलट 'बल्ज'मधले टँक सोंगाचे, लढाई खरी. यातला कुठला पिक्चर प्रामाणिक म्हणायचा, यावर मी स्वतःशीच अजून भांडतो.

आणि 'व्हेअर ईगल्स डेअर' लावणार असाल तर आधीच सांगून ठेवतो. १९४३-४४च्या हिवाळ्यात जर्मन अधिकारी ज्या हेलिकॉप्टरातून किल्ल्यात उतरतो, ते बेल ४७ आहे. त्याचं पहिलं उड्डाण डिसेंबर १९४५चं, युद्ध संपल्यानंतरचं. तिथे मी बोलणारच.