संगणक म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतात जास्त

चेक इंजिनचा दिवा घालवायला तीन गॅरेजवाल्यांनी तीन नवे ऑक्सिजन सेन्सर बसवले आणि तिन्ही वेळा दिवा परत आला, अशी एक गाडी मे महिन्यात माझ्याकडे जळगावला आली. मालक पारोळ्याचा तरुण पोरगा, घरी कापसाची शेती. गाडी सुरतेहून सेकंडहँड घेतलेली. सोबत त्याचे मामा होते. सौदा मामांनीच जमवून दिलेला, त्यामुळे ते उतरल्यापासून गप्प. पोरगा म्हणाला, "दादा, दिवा जास नही. तीन सेन्सर बदली टाकात. आते तुमीच देखा."

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण कंपनीतून निघाली तेव्हा ती उत्तमच होती. चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, २०१५ चं मॉडेल. बीएस-फोर हा प्रदूषणाचा नियम देशभर २०१७ ला लागू झाला, पण सुरत २०१० पासूनच त्या यादीत होतं. म्हणजे गाडीला ओबीडी-टू, म्हणजे दोष कोडमध्ये नोंदवून ठेवणारी यंत्रणा, आणि कॅट कन्व्हर्टरच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्याच्या, पुढे-मागे दोन ऑक्सिजन सेन्सर. पहिल्या मालकाने इंजिनातून धूर बाहेर नेणारा कंपनीचा मॅनिफोल्ड काढून फोर-टू-वन हेडर, म्हणजे बाजारातला पाइपांचा जुडगा, टाकलेला, मागे सरळ पाइपचा फ्री-फ्लो सायलेन्सर, बॉनेटखाली हवेचा कोन फिल्टर. पोराने आवाजावर भाळून गाडी घेतली होती. असल्या बदलांना कायद्याने परवानगी नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, पण हे त्याला विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

पुढचा सेन्सर इंजिनातून निघणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बघतो. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे बरोबर मिश्रण. पेट्रोल जास्त झालं की सेन्सर ०.९ व्होल्टकडे जातो, हवा जास्त झाली की ०.१ कडे. धडधाकट गाडीत तो सारखा वरखाली करत असतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्यावरून पेट्रोल सोडणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. ही दुरुस्ती टक्क्यांत दिसते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. अधिक म्हणजे पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. स्कॅनरमध्ये मी आधी या दोन ओळी बघतो, कोड नंतर.

कोड होते पी-०१७१ आणि पी-०१३३. पहिल्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी, दुसऱ्याचा अर्थ पुढचा सेन्सर सुस्त. 'सुस्त' वाचलं की सेन्सर बदलायचा, एवढंच आपल्याकडच्या बऱ्याच गॅरेजमध्ये निदान असतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. स्कॅनर फक्त लक्षण सांगतो. डिकीत त्या पोराने काढलेले सेन्सर पिशवीत जपून ठेवले होते. एक युनिव्हर्सल होता, त्याच्या वायरी कापून चक्क सोल्डर मारून जोडलेल्या. झिर्कोनियाच्या सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि बऱ्याच सेन्सरमध्ये ती वायरीच्या आतून, तारांच्या फटीतून पोचते. सोल्डरने ती वाट बंद होते. म्हणून तिथे क्रिम्पच मारायचा असतो, आणि कनेक्टरमध्ये ग्रीस भरायचं नसतं. शिवाय वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात. बॉशच्या सेन्सरला हीटरच्या दोन वायरी पांढऱ्या आणि सिग्नलची काळी, तर डेन्सोला हीटरच्या दोन काळ्या आणि सिग्नलची निळी. रंगाला रंग जुळवला की सिग्नलच्या जागी हीटर येतो. नवा सेन्सर पहिल्या दिवशीच बाद.

आत्ता गाडीवर असलेला सेन्सर मात्र नीट कनेक्टरचा होता. इंजिन चालू ठेवून थ्रॉटलपाशी कार्ब क्लीनरचा फवारा दिला, सेन्सर लगेच ०.८५ वर. थ्रॉटल एकदम सोडला, तसा ०.१ च्या खाली. सेन्सर ठणठणीत होता.

मग प्लग काढले. चारही काळे, काजळी धरलेले. सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास. ॲव्हरेज पडलंय हे पोरगा आधीच सांगत होता. संगणक म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, प्लग म्हणतात जास्त होतंय. दोघांतलं एक चूक असणार, आणि प्लगवरची काजळी चूक असू शकत नाही.

आता ट्रिमचे आकडे. गाडी पारोळ्याहून एरंडोलमार्गे हायवेने पळत आलेली, इंजिन पूर्ण गरम. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, लाँग टर्म अधिक २१, पण त्याच क्षणी शॉर्ट टर्म उणे १३. अडीच हजार आरपीएमला लाँग टर्म अवघा अधिक ३. पेट्रोल पंप किंवा फिल्टरचा दोष असता तर जोर लावल्यावर आकडा वाढला असता. इथे उलट. आणि आयडलला एक हात पेट्रोल वाढवून ठेवतोय, दुसरा ते काढून घेतोय. म्हणजे ईसीयूने मघाशी जे शिकून ठेवलं ते आता लागू पडत नव्हतं. दोष येतो आणि जातो. स्कॅनरने कोड लागला त्या क्षणाची नोंद, फ्रीझ फ्रेम, जपून ठेवली होती. त्यात इंजिनाचं तापमान ५८ अंश आणि गाडी आयडलवर. हा दोष अर्धवट थंड इंजिनाचा होता, आणि तिन्ही गॅरेजांनी गाडी तपासली होती ती दुपारी, गरम.

आयडलला ट्रिम वर म्हटलं की सगळे इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या बाजूची, गळती शोधायला लागतात. या गाडीला एअर फ्लो मीटर नाही, तिथला दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. इनटेकमधून चोरून हवा आली तर इनटेक मॅनिफोल्डचा दाब वाढतो, मॅपला तो कळतो आणि ईसीयू तेवढं पेट्रोल देतो. मग मिश्रण फारसं बिघडत नाही, आयडल मात्र चढतो. इथे आयडल साडेसातशेवर स्थिर होता. त्यामुळे इनटेक मी बाजूला ठेवला. उरली एकच जागा, सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या बाजूला गळती. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर जातो. दोन धक्क्यांच्या मधे दाब घटतो, तेव्हा चीर असेल तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. विहिरीचं पाणी तपासायला न्यावं आणि वाटेत बाटलीत नळाचं पाणी मिसळावं, तसं. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, ईसीयू समजतो पेट्रोल कमी आहे, आणि ओतत सुटतो. आरपीएम वाढला की धक्के जवळ येतात, आत ओढ राहत नाही, म्हणून आकडा खाली.

सुरतेहून आलेल्या गाडीत सीएनजी किट काढून ठेवलेल्या वायरींची शंका घ्यावीच लागते. डॅशबोर्डखाली बघितलं, काही नव्हतं.

पोराला म्हटलं, गाडी रात्रभर इथे ठेव. जळगावच्या मे महिन्यात दुपारभर बॉनेट उघडं ठेवलं तरी इंजिन हाताला चटका देतं, थंड इंजिन मिळतं ते फक्त पहाटे. मामा म्हणाले, मुक्काम कशाला, आत्ताच काहीतरी बघा. पोराने त्यांचं ऐकलं नाही हे चांगलं केलं.

पहाटे गाडी चालू न करता हीट शील्ड काढलं, सायलेन्सरच्या टोकाला चिंधी गुंडाळून ब्लोअर लावला आणि हेडरच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडलं. तिसऱ्या सिलिंडरचा पाइप फ्लँजला जिथे वेल्ड केलाय तिथे, पाइपाच्या मागच्या अंगाला, बुडबुडे आले. वरून बघून ती जागा दिसत नाही, आरसा धरावा लागला. जेमतेम नखाएवढी चीर. गाडी चालू केली तेव्हा बारीक टकटक ऐकू आली, इंजिन तापत गेलं तशी ती मंदावली आणि थांबली. लोखंड फुगलं, चीर मिटली. दुपारी ती कुणालाच सापडली नसती.

चीर पडली कशी हेही तपासलं. कंपनीच्या पाइपात इंजिनाचे हेलकावे सोसायला लवचीक जाळीचा तुकडा असतो आणि इंजिनला एक ब्रॅकेट. हेडर बसवणाऱ्याने दोन्ही उडवले. मग इंजिन हललं की सगळा भार फ्लँजच्या वेल्डवर. नुसती चीर भरली असती तर पावसाळ्याच्या आत गाडी परत आली असती. एमआयडीसीतून आर्गन वेल्डिंग करून घेतलं, जाळीचा तुकडा टाकला, ब्रॅकेट बनवून लावला. लाँग टर्म पुसून पुन्हा शिकू दिला. दुसऱ्या पहाटे इंजिन थंड असताना आणि गरम झाल्यावर, दोन्ही वेळा आकडा अधिक-उणे ३ च्या आत. पी-०१३३ पण परत आला नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण शेवटचा ग्राफ बघताना मागचा सेन्सर माझ्या डोळ्यांत भरला. कॅट चांगला असेल तर मागचा सेन्सर शांत असतो, ०.६-०.७ च्या आसपास. पण थ्रॉटल सोडल्यावर तोही पडायला हवा. हा जवळजवळ हललाच नाही. गाडी वर घेतली. सेन्सर आणि पाइप यांच्यामधे बोटभर लांबीचा पोलादी बुश होता, आतून बारीक भोक. त्यामुळे सेन्सरच्या टोकाशी धूर जेमतेम पोचत होता. बुश काढून सेन्सर जागेवर लावला तर तो पुढच्यासारखाच भराभर वरखाली. कॅटवर रबरी हातोडी मारली, पोकळ आवाज. आतली विटेसारखी जाळी काढून घेऊन डबा परत वेल्ड केलेला. त्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाले तिच्यासाठी पैसे मोजतात. पोराला गाडी विकली तेव्हा कॅट नव्हता आणि नसल्याचं कळू नये याचीही सोय केलेली होती.

चौकातल्या पीयूसीवाल्याकडे नेली. सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ०.७ टक्के. बीएस-फोर पेट्रोलला मर्यादा ०.३. गाडीसोबत मिळालेल्या सर्टिफिकेटवर मात्र सगळं झकास होतं.

पोरगा म्हणाला, बुश परत लावा, दिवा नको. त्याची बाजू मला कळत होती. तीन सेन्सरचे पैसे गेलेले, माझं बिल आणि समोर कॅटचा खर्च. तरी मी नाही म्हटलं. दिवा विझवून द्यायचा म्हणून मी बुश लावला असता, तर आधीच्या विकणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? मामा तेवढ्यात बोलले, "हा बुश माझ्याकडे द्या. त्याला दाखवतो." रुमालात गुंडाळून त्यांनी तो खिशात टाकला.

मला अजून खात्री नाही की पोराला समजावायला मी पुरेसा वेळ दिला. तो नाराज होऊन गेला. काही दिवसांनी फोन आला, "तुमी सांगं व्हतं तसंच व्हयनं. दिवा लागना." म्हणजे दिवा पुन्हा लागला होता. कोड पी-०४२०, कॅट निकामी. गाडी मात्र मस्त चालते, ॲव्हरेज सुधारलं, सकाळी टकटक नाही. दिवाळीनंतर कापसाचे पैसे आले की कॅट टाकतो म्हणाला. मामा सुरतेला जाऊन आले, विकणाऱ्याने हात वर केले. मी त्याला एकच गोष्ट दोनदा सांगितली: तोवर दिवा पेटलेलाच राहणार, आणि पेटलेल्या दिव्याखाली दुसरा कोणता दोष आला तर तुला कळणार नाही. जळगावला बाजाराला येशील तेव्हा दहा मिनिटं गाडी दाखवून जा, स्कॅनचे पैसे घेणार नाही.