चाकणला गाळा बघायला

आज मेव्हण्यासोबत चाकणला गाळा बघायला गेलो. त्याला ड्रिल, कटर यांना धार लावून द्यायचं छोटं वर्कशॉप टाकायचंय. तळेगाव चौकात पाऊण तास अडकलो. मी वैतागलेला, तर हा खूश! म्हणे, "दाजी, जरा पुढं बघा." पुढं नव्याकोऱ्या गाड्या लादलेला ट्रेलर, आणि त्याला खेटून निळ्या क्रेटनी भरलेला छोटा हत्ती. क्रेटमध्ये कुठल्याशा गाडीचे ब्रॅकेट. "हे क्रेटवालेच आपलं गिऱ्हाईक."

मुद्दा बिनतोड होता. १९९९ मध्ये बजाज आली, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. पण त्यांना माल पुरवणारे शेकडो लहान कारखाने आहेत, त्यांचं कटर रात्री बोथट झालं तर सकाळच्या शिफ्टला धार लावून हवं असतं. पुण्याहून पाठवलं तर याच चौकात अडकणार!

गाळ्याचे मालक पूर्वी कांदा लावायचे. आता वर दोन मजले खोल्या, कॉट बेसिसवर पोरं, खाली मेस. भाडं ऐकून माझे डोळे पांढरे झाले. पाणी? "टँकर येतो की," असं ते इतक्या सहज म्हणाले की पुढं काही विचारवेना.

येताना संग्रामदुर्गाला चक्कर मारली. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाला इथं दीडेक महिन्याहून जास्त झुंजवलं. मेव्हण्याचं लक्ष कुठं? तो तटाला टेकून मालकांशी फोनवर डिपॉझिटची घासाघीस करत होता. पाच हजार कमी केले पठ्ठ्यानं.