शब्दांचा शेजार

लालबाग-परळच्या चाळींतून आपल्या शाळेत येणाऱ्या आमच्या पिढीची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय राज्यात 2000 साली अमलात आला. आम्ही त्याच्या पुष्कळ आधीचे, 1985 च्या एस.एस.सी. तुकडीतले. त्या काळी इंग्रजी शब्द शिकायचे म्हणजे वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे शब्द व उजवीकडे मराठी अर्थ लिहायचा आणि चाचणी होईपर्यंत तो कसाबसा डोक्यात टिकवायचा, अशी सर्वमान्य रीत होती. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी (सारी शाळा त्यांना याच नावाने ओळखत असे) ती रेघ बंद केली आणि कोणताही शब्द त्याच्या मागच्या-पुढच्या शब्दांसह लिहून आणण्याचा दंडक घातला. ‘शब्दाचा शेजार पाहा’ असे त्या म्हणत. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहिताना मला या एकाच गोष्टीविषयी लिहावेसे वाटते, कारण विमा व्यवसायातल्या माझ्या नोकरीत जे इंग्रजी कामी आले त्याची सुरुवात तिथे झाली.

त्यांनी पहिल्यांदा आम्हाला घरातले इंग्रजी शब्द गोळा करून आणायला सांगितले. स्टोव्ह, बल्ब, गॅलरी, रेशन कार्ड हे सर्वांच्याच यादीत होते. गिरणी कामगारांच्या मुलांनी त्यांत शिफ्ट, जॉबर आणि लूम यांची भर घातली. काहींनी चावी, बटाटा, पगार आणि पाव हेही लिहिले होते. ते पोर्तुगिजांकडून आलेले आहेत हे ऐकून वर्ग चकित झाला. उलट फलाट, बाटली आणि पलटण हे मूळचे इंग्रजी शब्द कोणीच लिहिले नव्हते, इतके ते मराठी होऊन गेले होते. मग बाईंनी आपली चाळ इंग्रजी कोशात जाऊन बसली आहे आणि आपल्या मुंगसावरूनच इंग्रजांनी ‘मंगूस’ हा शब्द घेतला आहे, असे सांगितल्यावर त्या भाषेविषयीची आमची भीती निम्म्याने तरी ओसरली असावी.

शाळेच्या ग्रंथालयात मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाचे पुनर्मुद्रण होते. 1831 मध्ये मुंबईत प्रथम प्रसिद्ध झालेला आणि 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत वाढवलेला हा जाडजूड ग्रंथ बाई वर्गात घेऊन आल्या आणि त्यांनी त्यातली ‘हात’ ही नोंद उघडून दाखवली. शब्दाचा अर्थ थोडक्यात आटोपला होता, पण त्याखाली त्याच्या वाक्प्रचारांची रांगच लागली होती. ज्या परक्या माणसाला ‘हात’ एवढेच ठाऊक आहे त्याला हात देणे, हात मारणे, हात आखडणे आणि हात टेकणे यांतले काय कळेल, असे त्यांनी विचारले. नंतर फळ्यावर ‘हँड’ लिहून त्याच्याभोवती ‘ॲट हँड’, ‘इन हँड’, ‘आउट ऑफ हँड’ आणि ‘बाय हँड’ मांडले. जवळ असलेले, हाती घेतलेले, आवाक्याबाहेर गेलेले आणि हाताने केलेले, असे चार निराळे अर्थ केवळ एका लहानशा शब्दयोगी अव्ययामुळे होतात, हे त्या तासात जसे समजले तसे कोणत्याही गाइडमधून समजले नसते.

त्यानंतर आमचे पाठ्यपुस्तक शाळेबाहेरही पसरले. लोकलच्या डब्यातल्या साखळीजवळची ‘टू स्टॉप ट्रेन पुल चेन’ ही सूचना आम्ही वहीत उतरवून आणली, तेव्हा यात ‘द’ कुठे गेला हा प्रश्न बाईंनी विचारला. मराठीत असे उपपद नसल्यामुळे आपल्याला त्याची उणीव जाणवत नाही. सूचनाफलकाच्या भाषेत जागा वाचवण्यासाठी ते गाळण्याची मुभा असते, पत्रात किंवा निबंधात मात्र नाही, हे त्यांनी तिथेच समजावले. त्याच सूचनेखालच्या दंडाच्या मजकुरातला ‘विदाउट रीझनेबल अँड सफिशिअंट कॉज’ हा तुकडा आम्ही अर्थ पुरता न कळताच पाठ केला होता. वाजवी आणि पुरेसे कारण ही दुक्कल कायद्याच्या इंग्रजीत जोडीनेच वावरते, हे मला दाव्यांच्या फायली हाताळू लागल्यावर उमगले. स्थानकावरच्या उद्घोषणांतून ‘ऑन प्लॅटफॉर्म नंबर वन’ आणि ‘विल नॉट हॉल्ट ॲट’ हे मिळाले. फलाटाला ‘ऑन’ आणि स्थानकाला ‘ॲट’ का लागतो याचा नियम मी कधीच पाठ केला नाही, कारण कान तयार झाले होते.

सर्वांत अधिक भर मात्र क्रिकेटने घातली. आकाशवाणीवर आलटून पालटून हिंदी व इंग्रजीतून धावते समालोचन होत असे आणि 1983 च्या विश्वचषकाच्या वेळी आम्ही नववीत होतो, यापलीकडे अभ्यासाची गोडी लागायला कारण नको होते. ‘टेक अ कॅच’, ‘ड्रॉप अ कॅच’, ‘विन द टॉस’, ‘टेक अ सिंगल’ अशा जोड्या आम्ही चढाओढीने वह्यांत भरल्या. झेल मराठीतही घेतात आणि नाणेफेक मराठीतही जिंकतात, पण धाव आपण काढतो आणि इंग्रज ती घेतो. अशी जिथे फारकत होते तिथे लाल पेन्सिलीने खूण करायची, जुळते ते सोडून द्यायचे, हा बाईंचा नियम फार उपयोगी होता. परीक्षा आपण देतो आणि इंग्रजीत ती घेतली जाते, यावरची लाल खूण मला आजही दिसते. ‘गो-वेंट-गॉन’ची घोकंपट्टी त्यांनीही चुकवली नाही, क्रियापदांच्या अनियमित रूपांना पाठांतराशिवाय दुसरा उपाय नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटलेले आहे.

बाईंच्या रीतीमागे मोठी परंपरा होती हे मला पुष्कळ पुढे वाचनातून कळले. मायकेल वेस्ट हे शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला मुलांच्या इंग्रजी वाचनावर काम करत होते आणि त्यांची सुमारे 2,000 अत्यावश्यक शब्दांची यादी 1953 मध्ये प्रसिद्ध झाली. ए. एस. हॉर्न्बी यांनी जपानी विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या अनुभवातून शब्दांच्या वापरावर भर देणारा कोश रचला, तो 1942 मध्ये टोकियोत निघाला. परभाषेतून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचे हे काम आपल्यासारख्यांच्या वर्गांतूनच उभे राहिले आहे, याचे मला अप्रूप वाटते.

बाईंशी माझा एकच मतभेद आहे. ‘प्लीज डू द नीडफुल’ लिहिणाऱ्याला त्या जुनाट म्हणत, पण आपल्या कचेऱ्यांत त्या तीन-चार शब्दांनी जेवढे काम होते तेवढे दुसऱ्या कोणत्याही वाक्याने होत नाही. आपण भारतीयांनी रूढ केलेला ‘प्रीपोन’ही आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काय द्यावे, अशी विचारणा समितीने केली आहे. पाचवी ते सातवीच्या प्रत्येक वर्गासाठी उदाहरण-वाक्ये असलेल्या शब्दकोशांच्या दोन-दोन प्रती आमची तुकडी देईल. त्या ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात न ठेवता वर्गातच ठेवाव्यात, एवढी आमची अट आहे.