हाताची घडी, तोंडावर बोट

लेकीकडे न्यू जर्सीला राहून आलो की चिंचवडला परतल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात. नायगारा पाहिला का, आणि थंडी किती होती. नायगारा पाहिला. थंडी होती. मला सांगायचंय ते तिथल्या एडिसन गावातल्या एका गॅरेजबद्दल. गाडी बाहेर पावसात उभी आणि आत आठ पोरं, असा तिथला शनिवार-रविवारचा बेत असायचा.

नात तेव्हा सहावीत होती. तिच्या शाळेतली आणि आसपासची मिळून चौथी ते आठवीपर्यंतची आठ मुलं ‘फर्स्ट लेगो लीग’ या स्पर्धेत उतरली होती. लेगो म्हटल्यावर मी मनात म्हटलं, चला, ठोकळे. पुढे कळलं की ‘फर्स्ट’ ही संस्था डीन केमन या अमेरिकन संशोधकाने 1989 मध्ये काढली आणि लेगो कंपनीला बरोबर घेऊन लहान मुलांची ही स्पर्धा 1998 पासून सुरू झाली. आता आपल्याकडेही होते. पण हे वाचण्याआधीच मला तिची गोडी लागली होती, आणि तीही टेबलामुळे.

जावयाने गॅरेजमध्ये स्पर्धेच्या मापाचं टेबल केलं होतं. नियमपुस्तकात आतलं माप दिलंय 2362 गुणिले 1143 मिलिमीटर. सगळी हयात टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या साचे-अवजारं बनवायच्या खात्यात, गेलेल्या माणसाला असा आकडा दिसला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. आठ बाय चारचा प्लाय घ्या, म्हणजे 2438 बाय 1219. त्यावर चारी बाजूंनी 38 मिलिमीटर जाडीची पट्टी उभी ठोका. अमेरिकेत जिला ‘टू बाय फोर’ म्हणतात ती पट्टी प्रत्यक्षात 38 बाय 89 भरते. दोन्हीकडून 38 वजा केले की 2362 आणि 1143. म्हणजे ज्याने कुणी हे माप ठरवलं त्याने कुठल्याही गावातल्या वखारीत जाऊन सामान आणता येईल, असा विचार केला होता. तिथेच मी खुर्ची ओढून बसलो.

खेळ असा. टेबलावर छापील चटई, तिच्यावर लेगोच्याच केलेल्या वस्तू. दरवर्षी विषय नवा. मी होतो तेव्हाचा, 2024-25 चा, विषय समुद्राचा होता. जहाजाची डोलकाठी उभी करा, देवमाशाच्या तोंडात क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव भरवा, पाणबुड्याला प्रवाळापाशी नेऊन अडकवा, अशी पंधरा कामं. मुलांनी बांधलेला आणि त्यांनीच प्रोग्रॅम केलेला रोबोट ही कामं अडीच मिनिटांत करतो. एकदा सुटला की स्वतःच्या अकलेवर, रिमोट नाही. हद्दीबाहेर त्याला हात लावलात तर टेबलावरच्या सहा टोकनांतलं एक जातं. सहाही शिल्लक राहिली तर 50 गुण, पाच राहिली तरी 50, मग 35, 25, 15, 10. पहिला हात माफ, पुढचे महाग. ज्याने ही गुणांची उतरण आखली त्याला मुलंही कळतात आणि मशीनही.

आणि मोठ्यांसाठी नियम एकच. काम मुलांचं. मोठ्यांनी हाताची घडी, तोंडावर बोट. प्रश्न विचारायला परवानगी, उत्तर द्यायला नाही. जावई प्रशिक्षक होता, त्याला हे जमत होतं. तो सॉफ्टवेअरवाला, त्याला ब्रॅकेट कुठून वाकतोय ते दिसतच नव्हतं. मला दिसत होतं, तीच पंचाईत.

सुरुवातीचे आठवडे पोरं सगळा दोष प्रोग्रॅमला देत होती. रोबोट सरळ सोडला की कधी डोलकाठीपाशी बरोबर पोचायचा, कधी शेजारून निघून जायचा. मग आकडे बदला. दोन सेकंद पुढे, नाही, दोन पूर्णांक एक. चौथीतल्या एका पोराने सांगितलं की सकाळी चार्ज केल्यावर रोबोट लांब जातो आणि संध्याकाळी कमी जातो. बरोबर होतं त्याचं. वेळेवर चालवलं तर बॅटरी उतरेल तसं अंतर बदलणारच. त्यांनी सेकंद सोडले आणि चाकाच्या फेऱ्या मोजायला लागली. चाक 56 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्याला 176 मिलिमीटर. त्या दिवशी गॅरेजभर गुणाकार चालले होते. शाळेत याच मुलांना पायची किंमत तोंडपाठ करायला सांगितली असती तर तोंडं बघण्यासारखी झाली असती.

अंतर आटोक्यात आलं, दिशा येईना. साधा हिशेब आहे. सुटताना रोबोट दोन अंशांनी तिरका असेल तर मीटरभर गेल्यावर तो 35 मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. इतक्यात डोलकाठी हुकते. मुलं रोबोट ठेवायची डोळ्यांनी. एक डोळा बारीक करून, जीभ बाहेर काढून, कॅरमच्या सोंगटीला नेम धरल्यासारखं. आठ पोरं, आठ डोळे, आठ दिशा. मी नातीला एकच विचारलं, ‘बाई गं, तू ठेवतेस तेव्हा नेमकी कशाला टेकवून ठेवतेस?’ ती म्हणाली, ‘कशालाच नाही, आजोबा.’ मी गप्प बसलो. चहा प्यायलो.

पुढच्या शनिवारी जिग, म्हणजे टेकवून ठेवायचा साचा, तयार होता. ते त्याला जिगच म्हणतात, इतर टीमांच्या व्हिडिओंत पाहिला म्हणे. लेगोच्या पट्ट्यांचा काटकोन, कोपऱ्यात भिंतींना टेकवायचा आणि रोबोट त्याला चिकटवून सोडायचा. कल्पना उत्तम, फरक थोडाच पडला. का, ते मला जागेवरून दिसत होतं. रोबोटच्या कुशीला एका पिनेचं डोकं किंचित बाहेर आलेलं होतं. जिगची पट्टी अख्ख्या लांबीभर सपाट. रोबोट कधी त्या डोक्यावर टेकायचा, कधी मागच्या कोपऱ्यावर, आणि डोलायचा. आमच्याकडे शिकाऊ पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात: खालून तीन, लांब बाजूला दोन, टोकाला एक. सहा ठिकाणी टेकला की जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, हलत नाही, सातवं टेकण दिलंत की भांडण सुरू. इथे खालची तीन चाकांनी दिलेलीच होती. लांब बाजूला दोन हवी होती आणि त्यांनी दिली होती अख्खी पट्टी.

मी तीन-दोन-एक म्हणायला तोंड उघडलं आणि जावयाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मिटलं.

त्यांना ते कसं सापडलं ते सांगतो, कारण अख्ख्या मुक्कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. टीममधली एक तेलुगू घरातली मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, खाली वाकून बघत होती. तिने आईचा फोन घेतला, टॉर्च लावला आणि पट्टीच्या मागून धरला. पट्टी आणि रोबोटच्या मधून उजेडाची पाचर दिसली. सरळपट्टी उजेडावर धरून फट बघणं हे आम्ही पोटासाठी केलंय, आणि ही दहा वर्षांची पोर कुणी न सांगता तेच करत होती. मग दोन तास वादावादी, ‘पिन कापू या’ इथपर्यंत. शेवटी पट्टी काढून दोन बुटके ठोकळे आले, शक्य तितके लांब लांब, आणि मागे एक. तीन-दोन-एक, नाव माहीत नसताना. पूर्वी दहा वेळा सोडला तर शेवटाला चार बोटांचा फरक पडायचा, तो एका बोटाच्या आत आला. कागदावर त्यांनी प्रत्येक फेरीची खूण केली होती. हा कागद मी मागून घेतलाय.

दुसरी गंमत वेळेची. प्रत्येक कामाला रोबोटच्या पुढे वेगळं अवजार लावायचं, म्हणजे अडीच मिनिटांतला बराच वेळ काढण्या-घालण्यात जायचा. आम्ही प्रेसवर डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, बदलताना हीच कटकट भोगली आहे. जपानच्या शिगेओ शिंगोंनी डाय बदलायचा वेळ दहा मिनिटांच्या आत आणायची पद्धत बसवली, ती आमच्या कारखान्यात आली तेव्हा त्यावर मोठ्या चकचकीत फाइली निघाल्या होत्या. पोरांनी फाइल न काढता पिनांनी जोडायची अवजारं टाकून दिली आणि वरून नुसती ठेवायची केली. गिअरवर गिअर बसला की काम झालं. लेगोत हे जमतं कारण भोकांतलं अंतर 8 मिलिमीटर म्हणजे 8. मी मोजायचा व्हर्नियर नेला नव्हता, जावयाचा घेऊन मोजलं. मोल्डिंगवाल्यांना माझा नमस्कार.

रोबोटचा खेळ म्हणजे सगळी स्पर्धा नव्हे. चार भाग असतात आणि चौघांना सारखं वजन: खेळ, रोबोटची रचना, विषयावरचा एक प्रकल्प, आणि टीम म्हणून वागणूक. प्रकल्पासाठी यांनी न्यू जर्सीच्या बार्नेगॅट खाडीतले हरवलेले खेकड्यांचे पिंजरे घेतले. दोर तुटला की पिंजरा तळाशी पडतो आणि मालक नसतानाही खेकडे पकडत राहतो. आपल्याकडे तुटलेल्या जाळ्यांत अडकून जखमी झालेली कासवं कोकण किनाऱ्याला लागतात आणि त्यांतली काही डहाणूच्या केंद्रात उपचाराला जातात, हे मी सांगितलं तर त्यांनी ते लगेच वहीत उतरवलं. उपाय त्यांचा असा: पिंजऱ्यात एक तरंगता डबा, तो जस्ताच्या कडीने बांधलेला, आणि कडी खाऱ्या पाण्यात खाऊन गेली की डबा वर येऊन जागा दाखवेल. बादलीत मीठ घालून कडी टांगली. स्पर्धेच्या दिवसापर्यंत कडी होती तशीच. जजांसमोर त्यांनी बादलीचा फोटो दाखवून सांगितलं, अजून तुटलेली नाही. मला वाटलं गुण गेले. जजबाई पुढे झुकल्या आणि विचारत सुटल्या, तार किती जाड, पाणी किती वेळा बदललं.

स्पर्धा एका शाळेच्या जिममध्ये. डोक्यावर शार्कच्या टोप्या, कर्कश गाणी, पंच पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात. टेबलापाशी एका वेळी मोजकीच मुलं उभी राहतात, बाकीची मागे. तीन फेऱ्या आणि त्यांतली सर्वांत चांगली धरतात, हेही मला पटलं. पहिल्या फेरीत यांची टोकनं भराभर गेली, कारण तिथला टेबलाचा कोपरा गॅरेजमधल्या कोपऱ्याइतका काटकोनी नव्हता. दुसऱ्या फेरीआधी मुलांनी जिगचा मागचा ठोकळा एक भोक सरकवला. कुठल्याही प्रोग्रॅमला हात न लावता.

यांचा एक मोठा शब्द आहे, ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी तो रुजवला. जीव तोडून खेळा आणि समोरच्याला मदतही करा. मला ते आधी अमेरिकन गोडगोड बोलणं वाटलं होतं. पण त्या वर्षीच्या खेळात एक पाणबुडी समोरच्या टीमच्या टेबलाकडे पाठवायची होती, म्हणजे मदत नुसती भिंतीवर लिहिलेली नव्हती, गुणांत होती. बाजूच्या टीमची केबल मेली तेव्हा आमच्यातलं कुणीतरी धावत जाऊन देऊन आलं, आणि कुणी दिली हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही नव्हतं.

सगळ्याच टीमा अशा नव्हत्या. एका टेबलावरचा रोबोट इतका देखणा होता की मी जवळ जाऊन पोराला विचारलं, हा गिअर इथे का? तो वडिलांकडे बघायला लागला. आपल्या विज्ञान प्रदर्शनांत थर्माकोलचा ज्वालामुखी कुणी केलाय हे असंच कळतं. फरक एवढा की इथे जजही नेमकं हेच विचारतात, ‘का?’, आणि वडील खोलीत बोलू शकत नाहीत.

आमची टीम पुढच्या फेरीत गेली नाही. रचनेचं बक्षीस मिळालं, लेगोच्याच ठोकळ्यांचा करंडक. नात गाडीत रडली आणि मग पिझ्झा मागितला.

एक खटकलं ते लिहितो. हा खेळ महाग आहे. मी होतो तेव्हा रोबोटचा संच चारशे डॉलरच्या आसपास होता, वर चटई आणि वस्तूंचा संच, वर प्रवेश फी. आपल्याकडे ‘इंडिया स्टेम फाउंडेशन’ ही स्पर्धा चालवतं, पण एवढी फी भरणाऱ्या शाळा कुठल्या असणार ते सांगायला नको. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे काही सरकारी शाळांत सामान आलंय. मी एका लॅबमध्ये डोकावलो होतो, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली रजेवर गेलेल्या सरांकडे. सामान खराब होऊ नये म्हणून. तीन-दोन-एक शिकायला मात्र लेगोच लागतो असं नाही. खेळण्यातली गाडी, पुठ्ठा, घड्याळ, आणि हात मागे बांधलेला एक माणूस पुरतो.

तर पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी अशी टीम चालवत असेल, किंवा एखाद्या नगरपालिकेच्या शाळेत सुरू करायची असेल, तर खाली लिहा. टेबल मी करून देतो. आठ बाय चारचा प्लाय आपल्याकडेही मिळतो, पट्ट्या मात्र 38 च्या रंधून घ्याव्या लागतील, त्यासाठी आकुर्डीतला सुतार माझ्या ओळखीचा आहे.