दोन ओट्यांमधली गल्ली

नगर भूमापनाच्या नोकरीत हद्दीचे वाद रोजचेच असतात. पण नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या त्या मोजणीत समोरासमोरच्या दोन्ही घरमालकांचा अर्ज जवळपास शब्दशः एकच होता: समोरच्याने गल्ली दाबली.

शहराच्या धरमपेठ भागात टोटल स्टेशन (मोजणीचे यंत्र) एकदा मांडले की रस्ता टोकापर्यंत दिसतो. महालात दहा पावलांवर भिंत आडवी येते आणि शेवटी फीतच काढावी लागते. त्यात नवल नाही. गोंड राजा बख्तबुलंद शहाने १७०२ च्या सुमारास बारा लहान वस्त्या जोडून नागपूर वसवले, त्याच्यानंतरच्या चांद सुलतान या राजाने त्याला तटबंदी केली (तिचा जुम्मा दरवाजा म्हणजे आजचे गांधी गेट), आणि पुढे रघूजी भोसल्यांनी येथे राजधानी केल्यावर वाडे वाढत गेले. येथल्या गल्ल्या कोणी आखलेल्या नसून वाडे बांधून झाल्यावर उरलेल्या आहेत, असे माझे मत आहे.

भूमापनाच्या नकाशावर गल्ली साडेनऊ फूट रुंद होती. फितीत साडेपाच भरली. चार फूट गेले कुठे? दोघेही आपापल्या ओट्यावर उभे राहून समोर बोट दाखवत होते. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्डे) दोघांच्याही चोख होत्या. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातल्या आजीबाई म्हणाल्या, "हे ओटे पयले नव्हते जी, साहेब. माह्या वरातीची बैलगाडी थेट दारापर्यंत आली होती."

साडेपाच फुटांतून बैलगाडी कशी येणार? मी वाकून एका ओट्याची कड पाहिली. सिमेंट जिथे फुटले होते तिथून आत काळ्या दगडाचे जुने जोते दिसत होते आणि त्याला लागून, पाणी वाहून नेणारी दगडी नाली थेट ओट्याखाली गेली होती. समोरच्या ओट्याखालीही तेच. वरच्या भिंती विटांच्या, नव्या. पण जोते मूळ जागेवरून हललेले नव्हते. फीत जोत्यापासून जोत्यापर्यंत धरली, तर बरोबर साडेनऊ फूट. दोन्ही ओटे दोन-दोन फूट पुढे आलेले होते, म्हणजे दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या.

नकाशावर मी हद्द जोत्याच्या कडेने दाखवली आणि ओटे तुटक रेषेने. दोघांनी पंचनाम्यावर सह्या केल्या, त्याही एकाच ओट्यावर शेजारी बसून.