कार्ड दिसत होते, ड्रायव्हर जोडला जात नव्हता

लिनक्समधील कर्नल (प्रणालीचा गाभा) अद्ययावत केल्यापासून वाय-फाय गेले, अशी तक्रार घेऊन एक सहकारी लॅपटॉपसह माझ्याकडे आला. त्याने जुन्या कर्नलवरून संगणक सुरू करून पाहिला होता, तरीही वाय-फाय आले नव्हते. ही बाब मला फार बोलकी वाटली, कारण दोष नव्या कर्नलचा असता तर जुन्यावर कार्ड चालायला हवे होते.

वायरलेस उपकरणे चालू आहेत की बंद हे दाखवणाऱ्या ‘आरएफकिल’च्या यादीत वाय-फायची नोंदच नव्हती. संगणकातील कार्डांची यादी देणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ आदेशाला ‘-एनएनके’ जोडून पाहिले, तर कार्ड त्याच्या ओळख क्रमांकासह दिसत होते आणि खाली मॉड्यूलचे (कर्नलमध्ये लोड होणाऱ्या ड्रायव्हरच्या फाइलचे) नावही होते. फक्त ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ गायब होती. म्हणजे कार्ड शाबूत होते, पण त्याला ड्रायव्हर जोडला जात नव्हता. हा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही. ‘डीकेएमएस’ ही यंत्रणा तो प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधते, आणि दोन्ही कर्नलांपुढे ‘इन्स्टॉल्ड’ अशीच नोंद होती. मग ‘मॉडप्रोब’ने तो हाताने लोड करायला गेलो, तेव्हा उत्तर आले: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’, म्हणजे किल्ली नाकारली. ‘मोकयूटिल’ या साधनाने सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होताना विश्वासू सही नसलेले सॉफ्टवेअर रोखणारी तपासणी, चालू असल्याचे सांगितले. चौकशीअंती कळले की कर्नलबरोबरच बायोसही (संगणक सुरू करणारे फर्मवेअर) अद्ययावत झाले होते. त्यात सेटिंग मूळ स्थितीवर गेली आणि आधी बंद असलेले सिक्युअर बूट चालू झाले.

ते पुन्हा बंद करावे, असे सहकाऱ्याचे म्हणणे होते. मला ते मुळीच पटले नाही, कारण एका ड्रायव्हरसाठी संगणक सुरू होतानाची सगळी तपासणी सोडून देणे हा फार महागडा सौदा आहे. मॉड्यूलवर डीकेएमएसची सही होतीच. ती ज्या किल्लीची होती, ती फर्मवेअरला ठाऊक नव्हती, एवढेच. ती सार्वजनिक किल्ली ‘मोकयूटिल --इम्पोर्ट’ने नोंदवायला दिली, एक तात्पुरता पासवर्ड ठरवला आणि संगणक पुन्हा सुरू केला.

इथे पडद्यावर नजर ठेवावी लागते. निळ्या पडद्यावर कोणतीही कळ दाबण्यासाठी जेमतेम 10 सेकंद मिळतात. ती हुकली तर किल्ली न नोंदवताच संगणक पुढे सुरू होतो. तिथला कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा धरला जात असल्याने पासवर्डात खुणा न घालणेच बरे. ‘एन्रोल मोक’ (मालकाची किल्ली नोंदवा) हा पर्याय निवडून पासवर्ड दिला, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, आणि ती गायब ओळ मॉड्यूलच्या नावासह उमटली. पुढच्या कर्नलचे मॉड्यूलही डीकेएमएस याच किल्लीने सही करेल, त्यामुळे हा खटाटोप दर वेळी करावा लागणार नाही.