पत्त्याच्या रकान्यात मैदान

एप्रिल 2016. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं, त्याच सुमाराची गोष्ट. घाटकोपरला भटवाडीच्या मैदानावर नांदेडकडची माणसं उतरली होती, बरीचशी मुखेड तालुक्यातली. बांबू, जुन्या साड्या आणि फ्लेक्सची पालं. आमच्या हेल्थ पोस्टला, म्हणजे महापालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राला, निरोप आला की पोरांना लसी द्या, गरोदर बायकांची नोंद करा, पाणी तपासा. मी तिथली ए.एन.एम., म्हणजे लसी-बाळंतपणाचं बघणारी नर्स. व्हॅक्सिन कॅरियर उचलला, दोन सी.एच.व्ही. (वस्तीत फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका) घेतल्या आणि निघाले.

अकराच्या उन्हात मैदानात बाप्ये दिसेनात. सगळे पहाटेच नाक्यावर गेलेले. आमच्या वस्तीतले नाका कामगार त्या दिवसांत कुरकुरत होते की गावाकडची माणसं मिळेल त्या पैशांत जातात, मुकादम आता भावच देत नाही. नांदेडचा पाऊस हुकला आणि घाटकोपरची मजुरी पडली.

आधी पाणी तपासलं. ड्रममधलं पाणी ट्यूबमध्ये घेतलं, क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकले, पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन आहे. टँकर महापालिकेचा होता. त्या वर्षी मुंबईतही 20 टक्के पाणीकपात होती, त्यामुळे शेजारच्या इमारतीतले एक काका मला ऐकवून गेले, "आमच्या नळाला धार नाही आणि यांना टँकर!" भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या पाड्यांनाही उन्हाळ्यात टँकरचीच वाट बघावी लागते, हे ओठांवर आलं होतं. पण लसी थंड ठेवायच्या होत्या, वाद नंतर.

मग कार्डं बघायला बसले. बहुतेकांचं उत्तर एकच, कार्ड गावाकडं राहिलं. एका बाईने मात्र साखरेच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढून दिलं. लेकरू अकरा महिन्यांचं. जानेवारीपर्यंतच्या तारखा टपोऱ्या अक्षरांत, गोवरचा रकाना कोरा. मागे निळ्या पेनाने मोबाईल नंबर आणि खाली ओळ: 'कुठंबी गेलात तरी हे दाखवा.'

लेकराला गोवरची लस दिली, तोवर बाई बोलत होती. नवराबायको दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. यंदा उसालाच पाणी नाही, कारखाना लवकर बंद. मुकादमाने आगाऊ दिलेली उचल फिटली नाही, ती पुढच्या हंगामावर चढली. म्हैस बाजारात नेली तर चारा नसलेले सगळेच आपापली जनावरं घेऊन उभे, मातीमोल गेली. "किराणावाला बी उधार देईना जी," ती म्हणाली. "त्याला तरी कोण देणार?"

रेशनकार्ड होतं, पण ते गावच्या दुकानाचं. तेव्हा कार्डावरचं धान्य दुसरीकडे उचलता येत नव्हतं. पिवळं कार्ड पिशवीत आणि तांदूळ बाजारभावाने. थोरल्या मुलीचं नाव गावच्या शाळेत, धाकट्याचं अंगणवाडीत. सरकार या घराला जे जे द्यायचं ते सगळं गावातच होतं, घर तेवढं इकडे आलेलं.

दुपारी मी त्या नंबरवर फोन लावला. उपकेंद्राच्या सिस्टरच होत्या. कुठून बोलते ते सांगितलं तर आधी विश्वासच बसेना, मग म्हणाल्या, "लावली का गोवर? बरं केलं बाई."

त्यानंतर त्याच बोलत राहिल्या. उपकेंद्रात बाळंतपण करायचं तर दोन-तीन घागरी पाणी नातेवाइकांना आणायला सांगावं लागे, म्हणून बऱ्याच बायकांना सरळ ग्रामीण रुग्णालयात धाडत होत्या. टँकर विहिरीत रिकामा होतो, टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकून अर्धा तास थांबा म्हटलं तर कोण थांबणार? पोहरे आधीच आत. जुलाबाचे पेशंट वाढलेले. त्यातल्या त्यात त्यांना लागलेलं मात्र वेगळंच होतं. यादीतली पोरं गावात नाहीत, त्यामुळे लसीकरणाची टक्केवारी घसरली आणि वरून नोटीस आली: काम असमाधानकारक, खुलासा करा. "घराला कुलूप आहे सिस्टर, मी कुलुपाला टोचू का?"

मला हसू आलं आणि रागही. दुष्काळात बाई, पोरं, म्हातारे सांभाळायची खरी वेळ याच नोकरीची, आणि मोजमाप मात्र जागेवर राहिलेल्यांचंच.

आमच्याकडे त्याच्या उलट झालं. रजिस्टरमध्ये पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं यावर अडलं. घर क्रमांक नाही, गल्ली नाही. डॉक्टर म्हणाले, मैदानाचं नाव लिहा, सही मी करतो. तसं लिहिलं. एका गरोदर बाईचं हिमोग्लोबिन फार कमी निघालं; प्रसूतिगृहात स्थानिक पत्त्याचा पुरावा मागू लागले तेव्हा त्याच रजिस्टरची झेरॉक्स दाखवून नोंद करून घेतली.

महिनाअखेरीला अहवाल गेला. उद्दिष्ट धरलेलं आमच्या नेहमीच्या लोकसंख्येवर, त्यात मैदान कुठून असणार? काही लसींचा आकडा शंभर टक्क्यांच्या वर गेला आणि मलाही पत्र आलं: शंभरावर कसे, खुलासा करा.

मी नावं, वयं, गावं आणि लसींच्या तारखांची यादी जोडून उत्तर दिलं. तीच यादी फोटो काढून मुखेडच्या सिस्टरना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, त्यांच्या खुलाशाला लावायला. पाच मिनिटांत उत्तर आलं: "गावाप्रमाणं वेगळी करून द्या ना सिस्टर. माझ्याकडं चारच गावं आहेत, बाकीची दुसऱ्या सिस्टरची. त्यांना पण नोटीस आहे."